वाचकांचे प्रश्न : साडेतीनशेची रेघ आणि भातकुलीची पांदण

प्रश्न : मी भातकुलीस राहतो आणि अमरावतीस एका खासगी कार्यालयात लिपिक आहे. रोजचे जाणे-येणे पस्तीसेक किलोमीटर होते. घरचे तीन एकर वावर आहे, तिकडे पांदणीनेच जावे लागते. वर्षातून चार-सहा वेळा चिखलदरा, शेगाव, क्वचित लोणार, असा प्रवास घडतो. माझी शंभर सीसीची गाडी बारा वर्षांची झाली. मित्र म्हणतात, घ्यायचीच तर चारशेची घे; घरची मंडळी म्हणतात, दीडशेची पुरे; माझे स्वतःचे मन साडेतीनशेवर आहे. हाताशी ऐंशी हजार आहेत, उरलेले दीड लाख तीन वर्षांच्या हप्त्यांनी फेडीन. विक्रेता ‘नऊ टक्के व्याज’ सांगतो, जुनी गाडी बदल्यात घेतो म्हणतो, आणि विमा आमच्याकडूनच काढावा लागेल असेही बजावतो. काय करावे? — एक वाचक, भातकुली

उत्तर : आपल्या पत्रातील दीडशे, साडेतीनशे आणि चारशे हे आकडे आपणास व आपल्या मित्रांस इंजिनाच्या सामर्थ्याचे वाटतात, आणि चहाच्या टपरीवर त्यांची चर्चा त्याच अंगाने होते, परंतु सरकारच्या व विमा कंपन्यांच्या दफ्तरात ते सामर्थ्याचे नसून आकारणीच्या पायऱ्यांचे आकडे आहेत, आणि ज्याने गाडी पाहण्यापूर्वी या पायऱ्या पाहिल्या नाहीत त्याच्या खिशातून पुष्कळ रक्कम अशी निघून जाते की, ती कोठे गेली हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही.

पहिली पायरी वस्तू व सेवा कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर हा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यापुढील दुचाकीवर उपकर धरून जो ३१ टक्के पडत असे तो सरळ ४० टक्के झाला. कारखान्यातून दोन लाखांस निघालेली गाडी रेघेच्या अलीकडे असेल तर २ लाख ३६ हजारांस पडते, पलीकडे असेल तर २ लाख ८० हजारांस. रॉयल एनफील्डची क्लासिक ३४९ सीसीची आहे आणि होंडाची सीबी ३५० ही ३४८ची. त्या अलीकडे राहतात. बजाजची डॉमिनार ३७३ सीसीची आणि ट्रायम्फची स्पीड ४०० ही ३९८ची. या दोन्हींची गणना पलीकडे होते. दुसरी पायरी तृतीय पक्षाच्या विम्याची. नव्या दुचाकीस हा विमा पाच वर्षांचा एकदमच काढावा लागतो, आणि १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे त्याचा हप्ता, करावेगळा, ७५ ते १५० सीसीस ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीस ७,३६५ रुपये आणि त्यापुढे १५,११७ रुपये आहे. मौज अशी की, १६२ सीसीची होंडा युनिकॉर्न आणि ३४९ सीसीची क्लासिक यांस विमा कंपनी एकाच पंक्तीस बसविते. तेव्हा विम्यात काटकसर साधायची असेल तर ती १५०च्या आतच साधते, १६० घेऊन साधत नाही. तिसरी पायरी राज्याच्या एकरकमी मोटार कराची, ती ९९ ते २९९ सीसीस ११ टक्के व त्यावर १२ टक्के अशी आहे. एका टक्क्याच्या या फरकासाठी कोणी झोप मोडू नये.

आता चारशेच्या पक्षाची कैफियत ऐकू. अमरावती-अकोला महामार्गाचा लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत घालून झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हापासून आमच्याकडील तरुणांस आपला रस्ता जर्मनीतला असल्याचा भास होऊ लागला आहे. परंतु केंद्राने २०१८ साली ठरविलेली मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही ताशी ८० किलोमीटर आहे, आणि त्या वेगाने दोन माणसे व एक पिशवी घेऊन मूर्तिजापूर ओलांडणे साडेतीनशेच्या इंजिनास मुळीच जड नाही. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढताना, तेथील उंची ११०० मीटरांवर असली तरी, लागते ते खालच्या गिअरमधले खेचण्याचे बळ, आणि ते या वर्गातील गाड्यांत मुबलक असते. म्हणजे चारशेच्या गाडीची जी अधिक शक्ती आपण ४० टक्के कर भरून विकत घ्याल, ती कायद्याने वापरण्याची जागा आपल्या नित्याच्या वाटांवर कोठेच नाही. मित्रांस हे सांगावे. ते ऐकतील असे मी म्हणत नाही.

दीडशेचा पक्ष अधिक सबळ आहे. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले, दीडशेची गाडी लिटरला पंचेचाळीस व साडेतीनशेची तेहतीस देते असे धरले, आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर मानले, तर वर्षाकाठी दहा हजार रुपयांची तफावत पडते. ही रक्कम आपल्या दोन हप्त्यांच्या जवळपास जाते. घरच्या मंडळींनी हा हिशेब मांडला असेल किंवा नसेल, त्यांचा कल मात्र बिनबुडाचा नाही.

तथापि या साऱ्या वादात एका गोष्टीचा विचार कोणीच केलेला दिसत नाही, आणि ती म्हणजे आपली पांदण. काही वर्षांपूर्वी आषाढात एका स्नेह्याच्या १९५ किलो वजनाच्या गाडीवर मागे बसून मी भातकुलीनजीकच्या एका वावरात निघालो होतो. सडक सुटून पुरती दोनशे पावले झाली नसतील, तोच रेगडाचा लोळा पुढच्या मडगार्डात व टायरात असा घट्ट बसला की चाक फिरेना. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीतली एक काडी उपसून मी माती कोरीत होतो, स्नेही हँडल धरून ढकलीत होता, आणि दहा पावले गेलो की मडगार्ड पुन्हा भरलेले. अखेरीस गाडी तेथेच उभी करून आम्ही अनवाणी वावरात गेलो, व परत आलो तेव्हा ती बाजूच्या स्टँडसह वीतभर मातीत रुतून एका अंगास कलली होती. शंभर सीसीची गाडी असती तर दोघांनी उचलून धुऱ्यावर ठेवली असती.

म्हणून माझा सल्ला असा की, साडेतीनशेची रेघ न ओलांडता आपल्या मनाजोगती गाडी घ्यावी, पण जुनी गाडी विक्रेत्यास बदल्यात देऊ नये. ती वावराची गाडी म्हणून राहू द्यावी. बारा वर्षांच्या गाडीची विक्रेता जी किंमत करतो ती बहुधा कीव म्हणून केलेली असते. आपल्याकडे मात्र तिच्या नोंदणीची पंधरापैकी तीन वर्षे शिल्लक आहेत, आणि तिचा तृतीय पक्षाचा विमा सध्याच्या दराने वर्षाला ७१४ रुपये अधिक कर एवढाच आहे. २०१९च्या एप्रिलपूर्वीची नोंदणी असल्याने तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविलेली नसेल तर बसवून घ्यावी. ही व्यवस्था मान्य नसेल आणि एकाच गाडीने सडक व पांदण दोन्ही काढायची असेल, तर मग घरच्या मंडळींचे ऐकून दीडशेचीच घ्यावी. साडेतीनशेत निवड करताना वजन पाहावे. रॉयल एनफील्डचीच हंटर १८१ किलोची आहे, क्लासिकहून चौदा किलोंनी हलकी, आणि पेट्रोल पंपावरच्या गर्दीत हे चौदा किलो आपल्या कमरेस कळतील. शिवाय आपण खारपाण पट्ट्यात राहता. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की आरे, चेन आणि नटबोल्ट यांवर पंधरा दिवसांत तांबूस थर येतो. तेव्हा चकचकीत आऱ्यांच्या चाकांचा मोह सोडून अलॉयची चाके घ्यावीत, आणि गाडी धुण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी.

आता व्याजाचा मजकूर. ‘नऊ टक्के’ म्हणजे सपाट नऊ टक्के की घटत्या बाकीवर नऊ टक्के, हे विक्रेत्यास सरळ विचारा. उत्तर देताना तो कॅलेंडराकडे पाहू लागला तर सपाट समजावे. सपाट दराने दीड लाखावर तीन वर्षांचे व्याज ४०,५०० रुपये होते व हप्ता ५,२९२ रुपये बसतो. पण आपण दरमहा मुद्दल फेडीत असताही व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या मुद्दलावरच आकारले जात राहते, त्यामुळे घटत्या बाकीच्या पद्धतीने हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास निघतो. रिझर्व्ह बँकेच्या हुकुमान्वये १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जदारास करारापूर्वी एक मुख्य तथ्य-पत्रक द्यावे लागते, आणि त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पत्रक मागून घेऊन, अमरावतीतील आपले पगाराचे खाते ज्या बँकेत आहे तेथील पत्रकाशेजारी ठेवावे. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास काय आकारणी होते तेही त्याच बैठकीत वाचावे. कर्ज फिटल्यावर वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ घेऊन परिवहन कार्यालयातून नोंदणी पुस्तकावरील तारणाची नोंद काढून घेण्यास विसरू नये. शेवटचा हप्ता भरला म्हणजे सारे संपले, अशी समजूत करून घेतलेल्या पुष्कळ मंडळींची गाडी विकतेवेळी धावपळ होते.

विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे, असा कोणताही नियम नाही. कंपनी निवडण्याचा हक्क सर्वस्वी आपला आहे. बाहेरून आणलेले दरपत्रक टेबलावर ठेवले की विक्रेत्याचा दरही बहुधा उतरतो. पहिल्या वर्ष-दोन वर्षांसाठी शून्य-घसाऱ्याची जोड घ्यावी, कारण एरवी दाव्याच्या वेळी प्लॅस्टिक व रबराच्या भागांची निम्मी किंमत आपल्याच अंगावर पडते. विक्रेत्याच्या गाडीच्या दरपत्रकात ‘हाताळणी शुल्क’ नावाची एक ओळ आढळेल. मला स्वतःला एका विक्रेत्याने ती लावली होती, आणि कोणत्या हुकुमान्वये, ते लिहून द्या असे म्हणताच व्यवस्थापकाने निमूटपणे पेन्सिलीने ती खोडली. उलट जे देणे नियमाने बंधनकारक आहे ते पुष्कळ वेळा दिले जात नाही : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८व्या नियमानुसार दुचाकीच्या खरेदीसमयी निर्मात्याने मानक ब्युरोच्या प्रतीचे शिरस्त्राण पुरवावयाचे असते. ते मागून घ्यावे. तंटा झालाच, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपल्या राहत्या जिल्ह्यातच दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तीस शुल्क पडत नाही.

प्रश्न : साडेतीनशे सीसीची चार वर्षे वापरलेली गाडी ओळखीतून मिळते आहे. मालक म्हणतात, कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो, नावावर सावकाश करा. हरकत आहे काय? — एक वाचक, दर्यापूर

उत्तर : हरकत आपणास आहेच, पण त्यांना आपल्याहून अधिक आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. आणि नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरली असली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक. आपल्या बाजूने पाहिले तर विमा १४ दिवसांत आपल्या नावे बदलून न घेतल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळू शकते. पैसे देण्यापूर्वी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून तारणाची नोंद व थकीत ई-चलाने पाहून घ्यावीत, चासीचा क्रमांक खडूने घासून पुस्तकाशी ताडावा, आणि फॉर्म २९ व ३० मालकांसमक्ष पूर्ण भरून त्याच दिवशी सादर करावेत. ताबा-पावतीवर तारीख तर घालावीच, वेळही घालावी.

मी माझी एक जुनी गाडी अशीच कोऱ्या फॉर्मवर, शिरस्त्राणासुद्धा, एका परिचितास देऊन मोकळा झालो होतो. चार वर्षे तिची ई-चलाने माझ्या मोबाइलवर येत राहिली. शेवटच्या चलानाच्या छायाचित्रात चालविणारा उघड्या डोक्याने बसला होता आणि माझे शिरस्त्राण आरशाला टांगलेले स्वच्छ दिसत होते.