मनाचा अभ्यास, आधी स्वतःच्या

मनोविश्लेषणात्मक मानसोपचाराच्या प्रशिक्षणाची माहितीपत्रिका घरी आली, की बहुतेक पालक एका अटीपाशी थबकतात. प्रशिक्षणार्थीने स्वतः थेरपी घेतली पाहिजे, आणि तीही दोन-चार महिने नव्हे, काही वर्षं. ‘आमच्या मुलीला झालंय काय?’ असा प्रश्न लगेच येतो.

झालेलं काही नसतं. या उपचारात समोर बसलेला माणूस आपल्या वडिलांवरचा जुना राग थेरपिस्टवर काढतो, कधी आईकडून न मिळालेली माया त्याच्याकडे मागतो. हे ओळखून, न चिडता, न भुलता त्याच्याबरोबर थांबायचं तर आपले स्वतःचे राग आणि हट्ट कुठून येतात हे थेरपिस्टला माहीत असावं लागतं. ते पुस्तकातून कळत नाही. म्हणून ही अट या शिक्षणाच्या गाभ्याशी आहे.

तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. 1918 साली बुडापेस्टला भरलेल्या मनोविश्लेषकांच्या अधिवेशनात मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी गरिबांसाठी मोफत मानसोपचार केंद्रं उभी राहावीत, अशी इच्छा व्यक्त केली. 14 फेब्रुवारी 1920 रोजी बर्लिनच्या पोट्सडॅमर रस्त्यावर असं केंद्र खरोखर उघडलं. माक्स आयटिंगॉन, कार्ल आब्राहम आणि अर्न्स्ट झिमेल हे त्यामागचे लोक, आणि बराचसा पैसा आयटिंगॉन यांच्या घरच्या फरच्या व्यापारातला. रुग्णाने झेपेल तेवढी फी द्यायची, झेपत नसेल तर द्यायचीच नाही. पण इतके रुग्ण पाहायला माणसं कुठून आणायची? त्यातून प्रशिक्षण उभं राहिलं. आजही जगभर त्याला आयटिंगॉन पद्धत म्हणतात. तिचे भाग तीन : स्वतःचं विश्लेषण, सिद्धान्ताचे वर्ग, आणि अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली रुग्णांवर दीर्घकाळ केलेले उपचार, म्हणजे सुपरव्हिजन.

उपचार आणि प्रशिक्षण एकाच छपराखाली का असतात, याचं उत्तर इथे आहे. कमी पैशांत दीर्घ उपचार हवे असलेल्या माणसाला थेरपिस्ट मिळतो, शिकणाऱ्याला रुग्ण मिळतो आणि दोघांवर ज्येष्ठाची नजर राहते. संस्था निवडताना विद्यार्थ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, की इथे रुग्ण येतात का, आणि माझ्या प्रत्येक रुग्णाबद्दल दर आठवड्याला माझ्याशी कोण बोलणार आहे? ज्या कोर्सकडे याचं उत्तर नाही, तो मनोविश्लेषणाची ओळख करून देईल. थेरपिस्ट घडवणार नाही. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गांवर हजारो रुपये खर्च करण्याआधी हा फरक घरात सगळ्यांनी समजून घ्यायला हवा.

या शिक्षणातला सर्वांत विलक्षण भाग म्हणजे बाळाचं निरीक्षण. मनोविश्लेषक एस्थर बिक यांनी 1948 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये तो सुरू केला. प्रशिक्षणार्थी एका नवजात बाळाच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर जाऊन बसतो, बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत. सल्ला द्यायचा नाही. तिथे वहीही उघडायची नाही. बाळ रडतं, आई दमते, आजी मध्ये पडते, आणि हा नुसता पाहतो. घरी परतल्यावर आठवेल तेवढं सविस्तर लिहायचं आणि छोट्या गटात ते वाचायचं. मदत करायला धावणारे हात आवरणं किती कठीण असतं, हे इथे कळतं. ज्यांना चटकन उपाय सुचवायची सवय असते, अशा हुशार मुलांना हा तास फार जड जातो. पण पुढे रुग्णाच्या शांततेत बसायची ताकद इथूनच येते.

दुसरी शंका असते ती डॉक्टर होण्याची. थेरपिस्ट व्हायला एमबीबीएस लागतं का? हा वाद जुना आहे. व्हिएन्नात थिओडोर राइक या डॉक्टर नसलेल्या विश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप झाला, तेव्हा 1926 साली फ्रॉइड यांनी त्यांच्या बाजूने पुस्तकच लिहिलं. अमेरिकेत मात्र मानसशास्त्रज्ञांना 1985 साली कोर्टात जावं लागलं आणि 1988 च्या तडजोडीनंतर तिथल्या संस्थांची दारं उघडली. भारतात ही भिंत सुरुवातीपासूनच नव्हती. 1922 साली कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली, तेव्हा सभासदांत डॉक्टर होते तसे मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकही होते. औषधं लिहून देण्याचा अधिकार मात्र मनोविकारतज्ज्ञासारख्या डॉक्टरचाच. थेरपिस्टला त्याच्याशी जोडून घेऊन काम करावं लागतं.

बोस यांची संस्था पारशीबागान लेनमधल्या त्यांच्या घरातून चालू झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेशी जोडली गेली. 1940 साली तिने लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू केलं. फ्रॉइड आणि बोस कधी भेटले नाहीत, पण पत्रं लिहीत राहिले. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याहून पाठवलेली हस्तिदंती विष्णूमूर्ती त्यांनी लिहिण्याच्या टेबलावर ठेवली होती.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचं ठिकाण मुंबईतलं सायकोअ‍ॅनालिटिक थेरपी अँड रिसर्च सेंटर. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने याच दृष्टिकोनातून एम.फिल. अभ्यासक्रम आणि त्याला जोडून ‘एहसास’ हे उपचार केंद्र उभं केलं. आपल्याकडे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती (आरईबीटी) बरीच रुजली आहे. मनोविश्लेषणाला तिच्याशी स्पर्धा करायची गरज नाही. भीती आणि सवयी बदलण्यासाठी ती उपयोगी पडते. पण तेच नातं पुन्हा पुन्हा का मोडतं, असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला वेगळी आणि सावकाश चालणारी वाट लागते.

आता पालकांच्या काळजीचा खरा भाग. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद करायचं ठरवल्यापासून या अभ्यासक्रमांची रूपं बदलत आहेत, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीची मान्य संस्थांची यादी पाहावी. मनोविश्लेषणाचं प्रशिक्षण या नोंदणीची जागा घेत नाही, ते तिच्यावर चढवायचं असतं. आधी मानसशास्त्रात एम.ए., मग नोंदणीचा अभ्यासक्रम, मग नोकरी करता करता हे प्रशिक्षण, हा क्रम सुरक्षित आहे. स्वतःच्या थेरपीचा आणि सुपरव्हिजनचा खर्च फीहून वेगळा असतो. तो अनेकदा फीपेक्षा जास्त होतो, हे कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा. तिशीच्या आसपास स्थिरस्थावर होणारा हा व्यवसाय आहे. बाविसाव्या वर्षी पगाराची अपेक्षा असेल, तर घरात भांडणं होतील.

बारावीतल्या मुलाला आजच काही करता येण्यासारखं आहे का? भरपूर वाचावं, कादंबऱ्या विशेषतः. आणि मराठी जपावी. मनात येईल ते न गाळता बोलणं हा या उपचाराचा पाया. लहानपणीचा मार, आजीचे टोमणे, रात्री पडलेलं स्वप्न हे सगळं ज्या भाषेत घडलं त्याच भाषेत वर येतं. बोस यांनी स्वप्नांवरचं पुस्तक बंगालीत लिहिलं, ते उगाच नव्हे. हे शिक्षण मात्र बहुतांशी इंग्रजीत चालतं. सोलापूरहून किंवा चिपळूणहून मुंबईला आलेल्या माणसाला ‘पोटात कालवाकालव होते’ असं म्हणायचं असतं. ते तसंच्या तसं ऐकू शकणाऱ्या थेरपिस्टची त्याला गरज आहे.