घोडा आणि टोपीच्या मधली जागा

फौजेत आर्मरर होतो. आता चाकण एमआयडीसीतल्या कंपन्यांना गनमॅन पुरवणाऱ्या एका एजन्सीत पोरांना हत्यार शिकवतो. त्यामुळे आंबेठाणपासून राजगुरुनगरपर्यंतची परवानाधारक मंडळी “एकदा नजर टाका ना, मेजर” म्हणत येतात. मेजर मी कधीच नव्हतो, हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो. पण आपल्याकडे प्रत्येक माजी सैनिक मेजरच असतो. दुरुस्ती मी करत नाही, त्याचा परवाना वेगळा लागतो. बघतो आणि काय दिसलं ते सांगतो.

१. सहा घरं आहेत म्हणून सहा गोळ्या भरायच्याच असं नाही.

जुन्या सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरांचा बाप म्हणजे १८७३ चं कोल्ट. प्रत्येक वेळी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, तेव्हा सिलिंडर फिरतो. चाप फक्त घोडा सोडतो. फायरिंग पिन घोड्याच्या नाकावरच. घोडा पूर्ण खाली असला की पिन थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली. हत्यार निसटून घोड्यावर आपटलं, तर चापाला कुणाचं बोट न लागताही गोळी सुटते. म्हणून जाणती माणसं पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत.

हा जुना इतिहास वाटत असेल तर ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’ सिनेमाच्या सेटवर काय झालं ते आठवा. नट अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातातलं रिव्हॉल्व्हर याच कोल्टची इटलीत बनलेली नक्कल होतं. त्यातून खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेल्या. चाप ओढला होता की नाही, यावर पुढे कोर्टकचेरी झाली. पण एफबीआयच्या चाचणीत एक गोष्ट नोंदली गेली: भरलेल्या घरावर घोडा टेकलेला असताना त्या घोड्यावर ठोका मारला, तर टोपी फुटते. यात बिघाड काही नाही. त्या बनावटीचं हत्यार असंच वागतं.

२. पहिल्या खाचेवर जीव टाकू नये.

घोडा किंचित मागे ओढला की ‘टक्’ होतं आणि तो टोपीपासून जरा दूर अडकतो. बरेच जण यालाच सेफ्टी समजतात. खाचेची कड बारीक, तिच्यात अडकलेलं चापाचं टोक त्याहून बारीक. दणका बसला की दोन्हीपैकी एक तुटतं.

३. सुरक्षितता माणसाच्या सवयीत नको, यंत्रात हवी.

अमेरिकेतल्या रुगर कंपनीनं १९५३ मध्ये सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरं काढायला सुरुवात केली. स्प्रिंगा मजबूत घातल्या, पिन घोड्यावरून काढून फ्रेममध्ये बसवली. पण खाली असलेला घोडा पिनेला टेकायचाच. म्हणजे पाच गोळ्यांचा नियम कायम. तो पाळायची जबाबदारी पुन्हा माणसावर, आणि माणूस घाईत असतो, कधी प्यायलेला असतो.

१९७३ मध्ये त्यांनी ‘न्यू मॉडेल’ आणलं. यात घोडा पिनेपर्यंत पोचतच नाही. मध्ये ट्रान्सफर बार नावाची छोटी पोलादी पट्टी असते, ती एरवी खाली दबून राहते. चाप पूर्ण ओढून धरला तरच ती वर येते. मग घोडा पट्टीवर आणि पट्टी पिनेवर आपटते. चाप सोडला की पट्टी खाली आणि मध्ये मोकळी जागा. गोळ्या भरायची रीतही बदलली: बाजूचं झाकण उघडलं की सिलिंडर मोकळा फिरतो, घोडा अर्धा ओढून धरावा लागत नाही. चाकणच्या प्रेस शॉपमधल्या पोरांना हे मी एका वाक्यात सांगतो, दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही ना, तसंच.

शौकिनांनी तेव्हा नाकं मुरडली. जुन्या कोल्टचे घोडा ओढतानाचे चार ‘टक्’ म्हणे संगीत होतं. मला त्या संगीताचं कौतुक नाही. जुन्या रुगरमध्ये नवी पट्टी कंपनी आजही फुकट बसवून देते, याचं आहे.

४. सेफ्टी आहे आणि सेफ्टी चालते, या दोन वेगळ्या गोष्टी.

ट्रान्सफर बार काही १९७३ चा शोध नव्हे. आयव्हर जॉनसन कंपनीच्या खिशातल्या स्वस्त रिव्हॉल्व्हरांत तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटालाच होता; ‘घोड्यावर हातोडा मारून बघा’ अशी त्यांची जाहिरातच असे. उलट १९४४ मध्ये अमेरिकी नौदलातल्या एका खलाशाचा खाली पडलेल्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरच्या गोळीनं जीव गेला. त्यात घोडा अडवणारा ठोकळा होता, पण साठवणुकीचं ग्रीस घट्ट होऊन तो जागचा हललाच नव्हता. कंपनीनं मग ठोकळ्याची रचनाच बदलली.

आमच्याकडे कपाटात, देवघराच्या फळीवर वर्षानुवर्षं पडलेली हत्यारं येतात. वरून पुसून लख्ख, आतून तेलाचा राळेसारखा थर. मालक सांगतो, “वापरलंच नाही हो, नवंकोरं आहे.” तेच तर.

५. आपल्या .३२ चंही तेच बघायचं.

.३८ आणि ९ एमएम सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून आपल्याकडे घरोघरी .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, नाहीतर जुनं विलायती वेब्ली. ही डबल-अ‍ॅक्शन आहेत, नुसता चाप ओढूनही चालतात. पण पडल्यावर काय होतं, हा प्रश्न तोच. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत हत्यार ठेवताना हातातून पडलं, असं त्यांच्या मॅनेजरनं सांगितलं. ती बातमी आल्यावर माझा फोन थांबेना. “मेजर, आपलंपण उडेल का?”

मी उलट विचारतो: शेवटचं उघडून कधी बघितलं? घोडा आणि टोपीच्या मध्ये काय आहे? आणि आत्ता ते भरलेलं आहे का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा कमरेकडे बघतो.

६. कमरेचं हत्यार हे दागिना नव्हे.

जमिनी विकल्या गेल्या, गुंठामंत्री झाले, पांढऱ्या शर्टाखाली .३२ आलं. मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या कायदादुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद आहे. एवढं सांगून मी पुढे जातो. या विषयावर भांडून उपयोग होत नाही.

७. गनमॅनच्या दुनळीचा खटका फक्त चाप अडवतो.

बारा बोअरच्या बहुतेक दुनळी बंदुकांत तो खटका मागे ओढला की चाप अडतो, आतले घोडे मात्र ताणलेलेच राहतात. बंदूक जोरात आपटली तर ते घसरू शकतात. म्हणून गेटवरच्या खुर्चीला टेकवून ठेवलेली बंदूक दिसली की मी आधी ती मोडून काडतुसं काढतो, मग त्या पोराचं नाव विचारतो. एका मॅनेजरसाहेबांनी हटकलं, रिकामी बंदूक घेऊन गार्ड काय करणार? मी म्हटलं, काडतुसं त्याच्या पट्ट्यात आहेत, भरायला दोन सेकंद लागतात. चहाला जाताना भरलेली बंदूक टेकवून गेला, तर ती पडायलाही तेवढाच वेळ लागतो. साहेबांना पूर्ण पटलं नाही. पण त्या गेटवर भिंतीला लोखंडी रॅक बसला, कुलूप-किल्लीसकट.