वरच्या मजल्यावरचा माणूस

पुणे

चि. निनाद,


काल ताईचा फोन आला. तुझा रेडिओ स्कॅनर रोज रात्री एकाच आकड्यावर येऊन थबकतो, म्हणजे वरच्या मजल्यावरचा माणूस तुझ्यावर पाळत ठेवतो, आणि तू अमेरिकेच्या एफसीसीकडे तक्रार करणार आहेस म्हणे! परक्या देशात, पुराव्यावाचून, शेजाऱ्याला सरकारदरबारी ओढायचं?

आधी अँटेना काढ. विमानांची बोलणी विरतील. १२० मेगाहर्ट्झवरची ती मुकी लहर तरीही राहिली, तर ती बहुधा सेटच्या पोटातलीच. हिला बर्डी म्हणतात. आतला ऑसिलेटर, प्रोसेसरचं क्लॉक स्वतःच बारीक लहरी सोडत असतात. क्रिस्टल १० मेगाहर्ट्झचा असेल, तर त्याची बारा पट १२०वर पडते, तेरा पट १३०वर. दोन्ही विमानांच्याच बँडमध्ये. १३०वरही थांबतो का, बघ. चार्जर काढून बॅटरीवर चालव, कधी चार्जरच खोडी काढतो. मग सेट घेऊन लांबच्या एखाद्या बागेत जा. तिथेही तोच आकडा आणि तेवढाच जोर असेल, तर वरचा माणूस सुटला.

ॲटेन्युएटर लावू नकोस. त्याने बाहेरचंच मंद होतं, आतलं नाही. तो आकडा सरळ लॉकआउट कर. तिथलंच ऐकायचं असेल, तर केबल जोडून अँटेना खिडकीशी ने, सेटपासून दूर. झाकण मात्र उघडायचं नाही.

तक्रार अजून पाठवली नाहीस ना?

तुझ्या वयात मला हॅम रेडिओचा परवाना काढायचा होता. अण्णा म्हणाले, आधी नोकरी. नोकरी लागली आणि परीक्षा राहूनच गेली. तू सेट घेतलास तेव्हा ताई खर्चावरून कुरकुरत होती. मी मात्र मनातून हरखलो होतो. तुला कधी बोललो नाही, एवढंच.

फार रागावून लिहिलं, मनावर घेऊ नकोस. तो अर्ज तेवढा फाडून टाक. खरं सांगू, मला त्या माणसाची काळजी नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तू एकटा जागा असतोस, त्याची आहे. तुझे दोन म्हणजे आमची जेवणाची वेळ, मी घरीच असतो. झोप येत नसेल तर बिनधास्त फोन कर. कुठलं विमान उतरलं, एवढंच सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
मामा