दाण्यापासून तंतूपर्यंत

रोहा तालुक्यात ‘केमिकल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एका घरात तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणारा पगार असतो, दुसऱ्या घरात तो वारा फिरला की रात्री खिडकी लावून घ्यायला लावणारा वास असतो, आणि पुष्कळ घरांत तर हे दोन्ही अर्थ एकाच छपराखाली नांदतात. म्हणूनच रसायनशास्त्रात चांगले गुण मिळविलेली मुलगी जेव्हा “मला पदार्थांविषयी शिकायचे आहे” असे म्हणते, तेव्हा वडिलांच्या डोळ्यांपुढे धाटावच्या कारखान्याचे फाटक आणि तिसऱ्या पाळीची शिट्टी उभी राहते, आईच्या मनात तो वास येतो, आणि मुलगी मात्र या दोहोंपलीकडचे काहीतरी पाहत असते, ज्याचे नाव तिलाही नीट सांगता येत नाही. हा लेख त्या नाव न सांगता येणाऱ्या वाटेविषयी आहे.

दाणा आणि धागा

याच तालुक्यात, अंबा नदीच्या काठी नागोठण्याला, १९९० च्या सुमारास आयपीसीएल या सरकारी कंपनीचा मोठा पेट्रोरसायन प्रकल्प सुरू झाला. आज तो रिलायन्सच्या ताब्यात आहे. उरणहून येणाऱ्या वायूपासून तेथे पॉलिमर, म्हणजेच ज्यांना मराठी विश्वकोशाने ‘बहुवारिक’ असे नाव दिले ते पदार्थ, तयार होतात. लहान रेणूंची साखळी जोडत जोडत अतिशय लांब रेणू घडवायचा, ही त्या शास्त्राची मूळ कल्पना. कारखान्यातून हे पॉलिमर साबुदाण्यासारख्या शुभ्र दाण्यांच्या रूपाने गोण्यांत भरून बाहेर पडते, आणि त्यापासून बादली, खुर्ची, दोरी, ताडपत्री अशा वस्तू होतात.

परंतु यांपैकी पॉलिप्रोपिलीन या पॉलिमरचे दाणे वितळवून, तप्त हवेच्या झोताने त्यांचे एक-दोन मायक्रॉन जाडीचे धागे फुंकले आणि त्या जाळीस विद्युतभार दिला, तर तोच पदार्थ मुखपट्टीचा मधला थर होतो आणि रोगजंतू वाहणारे सूक्ष्म तुषार अडवितो. २०२० साली या एका थरासाठी सारे जग कसे तळमळत होते, हे आपण सर्वांनी पाहिले. पदार्थ तोच, त्याला कोणते रूप द्यावे हे ज्याला कळले, त्याच्या ज्ञानाने त्याचे मोल पालटले. हे ज्ञान संपादन करणे, ही आपल्या विषयाची पहिली पायरी होय.

पुढची पायरी अब्जांश तंतूंची, म्हणजे नॅनोफायबरची. मनुष्याचा केस साधारणतः पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, आणि हे तंतू त्याच्या काही सहस्रांश जाडीचे असतात. एक ग्रॅम पॉलिमरचा दोनशे नॅनोमीटर जाडीचा तंतू काढला, तर गणिताने त्याची लांबी सुमारे ३२,००० किलोमीटर भरते आणि त्याचा एकूण पृष्ठभाग वीस चौरस मीटर होतो. चिमूटभर दाण्यांतून एका मोठ्या खोलीच्या जमिनीएवढा पृष्ठभाग मोकळा होतो, आणि त्या पृष्ठभागावर औषध बसविता येते, धातूचे कण धरून ठेवता येतात किंवा पाण्यातील विष शोषून घेता येते. अशा विशिष्ट कामाला लावलेल्या तंतूंनाच ‘कार्यक्षम तंतू’ म्हणतात.

प्रयोगशाळेतील एक दुपार

हे तंतू काढण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग, अर्थात विजेच्या साहाय्याने केलेली कताई. तिची पहिली पेटंटे १९०२ सालची. १९३४ मध्ये अंटोन फोर्महाल्स यांनी तिला व्यवहार्य रूप दिले. १९६४ मध्ये जेफ्री टेलर यांनी तिचे गणित मांडले. आणि १९९० नंतर अमेरिकेतील अॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांच्या कार्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांनी ती नव्याने हाती घेतली.

ज्या माउलीने उन्हाळ्यात कुरडया घातल्या आहेत, तिला ही कताई निम्मी आधीच ठाऊक आहे. गव्हाचा चीक पातळ राहिला तर सोऱ्यातून धार न पडता ठिपके पडतात, फार घट्ट झाला तर सोऱ्या दाबवत नाही. नेमक्या घट्टपणालाच अखंड तार सुटते. येथे सोऱ्याच्या जागी इंजेक्शनची पिचकारी असते, चिकाच्या जागी द्रावकात विरघळविलेले पॉलिमर असते, आणि हाताच्या दाबाच्या जागी दहा ते पंचवीस हजार व्होल्टचा विद्युतदाब असतो. सुईच्या टोकाशी एक थेंब लोंबत असतो. दाब वाढवीत गेले की तो थेंब गोलाई सोडून शंकूसारखा ओढला जातो, आणि एका क्षणी त्या शंकूच्या टोकातून डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी धार सुटते, जी थोडे अंतर सरळ जाऊन चाबकासारखी वेटोळी घेऊ लागते. वीतभर अंतराच्या त्या प्रवासातच द्रावक उडून जातो, धार हजारो पटींनी बारीक होते आणि समोरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरी साय धरावी तसा तंतूंचा थर जमू लागतो.

ही रीत सांगायला सोपी, पण हातात यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. जुलै महिन्यात, हवा ओलसर असताना, कालपर्यंत उत्तम येणारे तंतू एकमेकांना चिकटू लागतात किंवा त्यांत माळेसारखे मणी पडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते मणी पाहून विद्यार्थ्याने निराश न होता वहीत हवेतील आर्द्रतेचा आकडा लिहावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्रावण तयार करावे, ही या विद्येची शिस्त आहे. ज्या मुलास एकच काम वीस वेळा करताना विसाव्या वेळी काहीतरी नवे दिसते, त्याच्यासाठी ही विद्या आहे.

प्रतिसाद देणारे पदार्थ

संमिश्र पदार्थ आपल्याला परके नाहीत. रायगड जिल्ह्यातील वाड्यांमधून कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेणमातीचा लेप देतात, तो संमिश्रच. नुसती काठी वारा अडवीत नाही, नुसती माती उभी राहत नाही, दोन्ही मिळून भिंत होते. पॉलिमरमध्ये अब्जांश आकाराचे कण मिसळून, म्हणजे कार्बनच्या सूक्ष्म नलिका, मातीचे पापुद्रे, चांदीचे किंवा लोहचुंबकीय कण घालून जे केले जाते, ते ‘अब्जांश संमिश्र’.

काही पॉलिमर लाजाळूच्या पानासारखे वागतात. पीनायपॅम या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक पॉलिमर सुमारे ३२ अंश सेल्सिअसखाली पाण्यात फुगलेले असते आणि त्यावर तापमान गेले की आकसते. मनुष्यदेहाचे तापमान त्याहून थोडेच अधिक असल्यामुळे औषध योग्य जागी सोडण्यासाठी त्याचा विचार होतो. पीव्हीडीएफ नावाच्या पॉलिमरचे तंतू दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते. काही पदार्थ आम्लता पाहून, काही प्रकाश पाहून रूप बदलतात.

याचा आपल्या गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील, तर तो निकटचा आहे. कुंडलिका नदीच्या पाण्याविषयी रोहेकरांच्या मनात अनेक वर्षांची चिंता आहे, आणि सांडपाण्यातील रंग व जड धातू धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या गाळण्यांवर जगभर संशोधन चालू आहे. हीच नदी रेवदंड्याजवळ जेथे समुद्रास मिळते, त्या किनारपट्टीवर कोळंबीची टरफले कचरा म्हणून टाकली जातात. त्यांतील कायटिनपासून कायटोसान मिळते, आणि कायटोसानचे तंतू जखमेवरच्या पट्टीसाठी व पाणी शुद्ध करण्यासाठी उपयोगी पडतात. गावाचे दुखणे आणि गावाचा कच्चा माल एकाच नदीकाठी असताना त्या दोहोंना जोडणारी विद्या गावच्या मुलांनी शिकावी, यात अस्वाभाविक काही नाही.

आधी पाया, मग नाव

पालकांना आग्रहपूर्वक सांगावयाची गोष्ट ही की, ‘नॅनो’ हे अक्षर पाहून बारावीनंतर घाईने प्रवेश घेऊ नये. प्रथम रसायन, भौतिकी, पॉलिमर, वस्त्रतंत्र किंवा रासायनिक अभियांत्रिकी यांपैकी एका शास्त्राचा पाया पक्का करावा आणि अब्जांश पदार्थांकडे पदव्युत्तर टप्प्यावर वळावे. कारण विशेष विषयाची मागणी कमी-अधिक होते, मूळ शास्त्राची सनद मात्र कोठेही चालते.

अभियांत्रिकीकडे कल असल्यास मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे १९३३ साली स्थापन झालेली आणि जुन्या पिढीस ‘यूडीसीटी’ म्हणून परिचित असलेली संस्था, येथे तंतू व वस्त्रप्रक्रिया तसेच पॉलिमर या दोन्ही विषयांचे शिक्षण मिळते. शेजारीच व्हीजेटीआय आहे, इचलकरंजीस डीकेटीई आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात लोणेऱ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात रासायनिक व पेट्रोरसायन अभियांत्रिकी शिकता येते. दहावीनंतर लवकर कमावते होणे ज्यांना आवश्यक आहे, त्यांनी तंत्रनिकेतनाची पदविका घ्यावी, आणि पुढे मन झाले तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची मुभा असतेच. शुद्ध विज्ञानाकडे ओढा असणाऱ्याने बी.एस्सी. करून ‘जॅम’ परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी.ला जावे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अब्जांश विज्ञानाचे शिक्षणही आहे.

या विषयात मराठी माणसाने काय केले, हे मुलांना सांगावे. डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यातील माशेलचे. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले, आईने गिरगावात शिवणकाम करून त्यांना वाढविले, आणि दरमहा ६० रुपयांच्या टाटा शिष्यवृत्तीच्या आधारावर त्यांचे उच्च शिक्षण झाले. यूडीसीटीतून पदवी व डॉक्टरेट घेऊन, १९७६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि पुढे तिचे संचालक झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी धरणाऱ्या आणि परिस्थितीनुसार आकार बदलणाऱ्या जेलांवर केलेले कार्य हे याच विद्येचे आहे. तुटल्यावर धातूच्या आयनांच्या मदतीने पुन्हा सांधले जाणारे जेलही त्या प्रयोगशाळेत घडले.

वर्षांचा आणि पैशांचा हिशेब

हा मार्ग लांबचा आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. बारावीनंतर पदवीस तीन-चार वर्षे, पदव्युत्तर शिक्षणास दोन, आणि संशोधनाकडे जायचे तर पीएच.डी.ची आणखी चार-पाच. परंतु प्रत्येक टप्प्यावर उतरण्याची सोय आहे, आणि पालकांनी हिशेब दहा वर्षांचा एकदम न मांडता टप्प्याटप्प्याने मांडावा. पदविकेवर उत्पादन व गुणवत्ता तपासणीची कामे मिळतात; पदवीवर प्लास्टिक, रंग, टायर, औषधे, वस्त्रोद्योग यांची दारे उघडतात; पदव्युत्तर शिक्षणानंतर कंपन्यांचे संशोधन विभाग, गाळण्या आणि वैद्यकीय वस्त्रे करणारे उद्योग, चाचणी प्रयोगशाळा येतात. तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्र सरकारने २०२० साली १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली, यावरून या क्षेत्राकडे शासनाचे लक्ष आहे हे दिसते.

पीएच.डी.च्या काळात मुलगा घरावर भार असतो, ही समजूतही तपासून घ्यावी. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता निराळा. मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी ‘इन्स्पायर’ योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद आहे. मात्र अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम, मुदत आणि दाखले यांची स्वतः खातरजमा करावी.

तसेच प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन दोन प्रश्न विचारावेत: विद्यार्थ्याला यंत्रावर स्वतः हात ठेवता येतो की केवळ दुरून पाहावे लागते, आणि द्रावकांच्या वाफा खेचून घेणारे कपाट चालू आहे काय. या कामात उच्च दाबाची वीज आणि घातक द्रावके असतात. जी प्रयोगशाळा सुरक्षेची शिस्त पाळत नाही, तेथे मूल पाठवू नये.

ज्यांना वाटते की विज्ञान घेतले की एकच वाट उरते, त्यांनी रोह्याच्याच देशमुख घराण्यातील चिंतामणरावांचे स्मरण करावे. त्यांनी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र यांचा अभ्यास केला, १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले, आणि तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. ज्या बुद्धीला निरीक्षणाची आणि पुराव्याची सवय लागली, तिला पुढे कोणतेही दप्तर सांभाळता येते.

घरी करून पाहण्याची एक परीक्षा

कलचाचणीसाठी पैसे भरण्यापूर्वी एक प्रयोग करावा. औषधाच्या दुकानातून बाळाचे एक डायपर आणून, ते फाडून आतले पांढरे दाणे पेल्यात झाडून घ्यावेत आणि वर पाणी ओतावे. काही क्षणांत ते दाणे फुगून पेला घट्ट जेलीने भरून जाईल. हे दाणे पॉलिमरचेच, आणि त्यांच्या जाळ्यातील विद्युतभारित कणांमुळे पाणी आत ओढले जाते. मग त्यावर चमचाभर मीठ टाकून ढवळावे. मिठामुळे आतली-बाहेरची ओढ समान होऊ लागते आणि धरलेले पाणी सुटून जेली बसू लागते. प्रतिसाद देणारा पदार्थ म्हणजे काय, हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसेल.

या वेळी पालकांनी काहीच समजावून सांगू नये. पेल्याकडे न पाहता मुलाकडे पाहावे. “छान आहे” म्हणून तो उठून गेला, तर त्यात काही बिघडले नाही, त्याची आवड दुसरीकडे असेल आणि ती शोधावी. परंतु “मीठच का, साखर टाकली तर?” असे म्हणून तो स्वतःच साखरेचा डबा उघडू लागला, तर त्याच्या हातून डबा काढून घेऊ नका. तेवढी साखर खर्ची पडू द्या, आणि काय झाले ते वहीत लिहून ठेव, एवढेच त्याला सांगा.