कार्बोरेटर उघडताना

बिलोलीतील एखाद्या गॅरेजसमोर सकाळी थोडा वेळ उभे राहा. कोणी तरी जुनी मोटारसायकल ढकलत आणताना दिसेल. मालक घामाघूम झालेला असतो. तो म्हणतो, "उस्ताद, कालपर्यंत नीट चालत होती. आज किकवर किक मारतोय, पण चालूच होत नाही." उस्ताद आधी प्लग काढून पाहतात. ठिणगी पडते आहे. टाकीत पेट्रोलही आहे. मग ते इंजिनाच्या मागे बसवलेल्या मुठीएवढ्या धातूच्या डब्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "कार्बोरेटर खोलावं लागेल."

ज्याला याच गाडीवर कुंडलवाडीच्या बाजाराला किंवा मांजरा ओलांडून बोधनला कामाला जायचे आहे, त्याचा आजचा रोजगार त्या डब्यात अडकलेला असतो. त्या डब्यात काय आहे ते आपण पाहू.

पेट्रोल पातळ स्वरूपात इंजिनात ओतले तर ते नीट जळत नाही. त्याचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळावे लागते, आणि तेही मापात. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हा आकडा लहान वाटतो. पण हवा वजनाला फार हलकी असते. हिशेब केला तर १ लिटर पेट्रोलसाठी सुमारे ९,००० लिटर हवा लागते! (हवा हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि दुरुस्तीसुद्धा. गॅरेजमध्ये तुम्हांला मराठी अवघड वाटणार नाही.)

हे मिश्रण करायला कार्बोरेटरमध्ये पंप नसतो. त्यातील हवेची नळी मध्ये अरुंद असते. पुलाच्या कमानीखाली नदीचे पाणी जसे जोरात धावते, तशी या अरुंद जागेत हवा वेगाने धावते. वेग वाढला की तिचा दाब कमी होतो. ही गोष्ट दानिएल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली आपल्या ग्रंथात मांडली होती. नळीखाली पेट्रोलची वाटी असते. वाटीतील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, तर वर नळीत दाब कमी झालेला असतो. म्हणून पेट्रोल लहान छिद्रातून वर चढते आणि तुषार होऊन उडते. या छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. वाटीतील पेट्रोलची पातळी तरंगता गोळा सांभाळतो. त्याला फ्लोट म्हणतात. घरावरच्या पाण्याच्या टाकीत पाणी भरल्यावर नळ बंद करणारा गोळा तुम्ही पाहिला असेल. हे तसेच काम आहे. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली असा तुषार उडवणारा कार्बोरेटर बनवला.

आता उघडू या. पण थांबा! हे काम घरातील मोठ्या माणसाबरोबर किंवा उस्तादांच्या देखरेखीखालीच करायचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून उघड्या अंगणात बसा. जवळ विडी, स्टोव्ह, दिवा काहीही नको. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका.

प्रथम टाकीचा कॉक बंद करा. वाटीतील पेट्रोल एका डब्यात काढून घ्या. मग कार्बोरेटर गाडीपासून सोडवा आणि बाहेरची धूळ आधी पुसा. आपल्या भागात काळ्या मातीची आणि वाळूची धूळ भरपूर. बाहेरची घाण आत गेली तर सारी मेहनत वाया जाईल. खाली ताट ठेवा आणि निघेल तो भाग त्याच क्रमाने ताटात मांडत जा. पेचकस स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच घ्या. लहान पेचकसाने जोर लावला की स्क्रूची खाच झिजते आणि मग तो कोणालाच निघत नाही.

बाजूला हवेचा एक छोटा स्क्रू असतो. तो काढण्यापूर्वी हलक्या हाताने आत फिरवत न्या आणि किती फेरे झाले ते मोजा. दीड फेरा झाला असेल तर वहीत 'दीड' असे लिहा. पुष्कळ जण हे लिहीत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत अंदाज करत बसतात.

वाटी उघडल्यावर तळाशी बहुधा लालसर गाळ किंवा पाण्याचा थेंब सापडेल. गाडी काही महिने उभी असेल तर पेट्रोल वाळून चिकट थर झालेला असतो. फ्लोटची पिन अलगद ढकलून काढा; ती धरणारे खांब नाजूक असतात. फ्लोट कानाजवळ हलवून पाहा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटका आहे. असा फ्लोट बुडतो, पेट्रोल थांबत नाही आणि खाली गळत राहते.

यानंतरचे काम सर्वांत नाजूक आहे. जेट काढा, उजेडासमोर धरा. छिद्रातून गोल प्रकाश दिसला पाहिजे. दिसत नसेल तर अनेकांचा हात लगेच तारेकडे जातो. तार घालू नका! जेटचे पितळ मऊ असते. समजा छिद्राचा व्यास ०.८० मिलिमीटर आहे. तारेने घासून तो ०.८८ झाला. वाढ फक्त १० टक्के दिसते. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १.१ चा वर्ग १.२१. म्हणजे छिद्र २१ टक्क्यांनी मोठे झाले! डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मालकाला तो दर आठवड्याला पेट्रोल पंपावर मोजावा लागतो. म्हणून जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवा, मऊ ब्रशने साफ करा आणि पंपाने हवा मारा. तरीही उघडला नाही तर नवा जेट घ्या. तो त्याच क्रमांकाचा हवा.

रबरी वॉशर कडक झाले असतील किंवा फुगले असतील तर बदला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. आपल्या मराठवाड्याच्या उसापासूनही ते तयार होते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. म्हणून जुनी गाडी भरल्या वाटीने महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

एका सिलिंडरच्या गाडीला एकच कार्बोरेटर असतो. १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० ला मात्र दोन होते. दोन्ही एकाच वेळी, सारखेच उघडावे लागत; नाही तर एक सिलिंडर ओढी आणि दुसरे मागे राही. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर गेला. तिथे पेट्रोलचे माप आता संगणक ठरवतो. जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि त्यांचे काम जाणणारे हात कमी होत आहेत.

सर्व भाग ताटातून उलट्या क्रमाने बसवा. मूठ पिळून सोडा; ती लगेच मागे आली पाहिजे. तशी येत नसेल तर गाडी चालू करू नका. इंजिन गरम झाल्यावरच हवेचा स्क्रू थोडा थोडा फिरवून आवाज एकसारखा करा. दुसऱ्या दिवशी, पाच-दहा किलोमीटर चालल्यावर आणि इंजिन थंड झाल्यावर, प्लग काढून पाहा. तो काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढरा पडला असेल तर कमी जात आहे. फिकट तपकिरी असेल तर कार्बोरेटर नीट बसला आहे.

स्वाध्याय

१. जेटमध्ये तार का घालू नये? हिशेबासह लिहा.
२. फ्लोट फुटला तर काय होते?
३. जेटचा व्यास ०.७० वरून ०.८४ मिलिमीटर झाला. छिद्राचे क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढले?
४. गॅरेजमध्ये वापरले जाणारे, उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.