ई-सायकलची ‘पॉवर’ वाढवायची कशी? मिड-ड्राइव्ह मोटर, गिअर आणि शक्तीचा पाठ



सातवी-आठवीच्या वर्गात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. “ई-सायकलची पॉवर वाढवता येते का?” मुलांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. कुणीतरी वायर बदलतो, कुणी जास्त व्होल्टची बॅटरी जोडतो आणि सायकल सुसाट पळते. नांदेड-लातूरकडे शाळा आणि क्लासला जाणाऱ्या मुलांसाठी पालकही ई-सायकलचा विचार करू लागलेत. म्हणून हा प्रश्न “ते आपल्या अभ्यासात नाही” म्हणून टाळू नका. सहावीची ‘साधी यंत्रे’, सातवीचा ‘गती, बल व कार्य’ आणि आठवीची धाराविद्युत असे तिन्ही धडे या एका प्रश्नात बसतात.

उत्तर आधीच सांगून टाकते. मिड-ड्राइव्ह मोटरकडून जास्त ताकद मिळवता येते, आणि त्यातली बरीचशी गिअर, चेन, हवा नि चार्जिंग नीट ठेवूनच मिळते. मोटरला जबरदस्तीनं जास्त करंट पाजून मिळवलेली ताकद महागात पडते. कशी, ते पायरीपायरीनं पाहू.

१) मिड-ड्राइव्ह म्हणजे काय?

ई-सायकलची मोटर दोन ठिकाणी असू शकते. चाकाच्या मधोमध असेल तर ती हब मोटर. आपल्या बाजारातल्या बहुतेक ई-सायकलींना मागच्या चाकात अशीच मोटर असते. पायडलच्या अ‍ॅक्सलजवळ असेल आणि पायडल फिरतं त्याच चेनव्हीलला फिरवत असेल तर ती मिड-ड्राइव्ह. जपानच्या यामाहा कंपनीनं १९९३ मध्ये ‘पास’ नावाची पायडलला मदत करणारी सायकल आणली, तिची मोटर अशीच पायडलजवळ होती.

फरक लक्षात घ्या. हब मोटर थेट चाक फिरवते, तिला सायकलच्या गिअरचा काही उपयोग नाही. मिड-ड्राइव्हची ताकद मात्र चेनमधून, गिअरमधून मागच्या चाकाला जाते. म्हणजे तुमच्या पायांना गिअरचा जो फायदा मिळतो, तोच मोटरलाही मिळतो.

एक सावधगिरी. काही ठिकाणी साध्या सायकलला मागच्या चाकाशेजारी मोटर लावून तिला वेगळी चेन जोडून देतात आणि त्यालाही ‘चेनवाली मोटर’ म्हणतात. ती मिड-ड्राइव्ह नव्हे. तिची चेन गिअरमधून जात नाही, त्यामुळे पुढं सांगितलेला गिअरचा हिशोब तिला लागू होत नाही.

२) जोर, वेग आणि शक्ती

मुलं ‘पॉवर’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा वेग असतो. इथंच गोंधळ होतो. मुलांना तीन गोष्टी वेगळ्या करून द्या:

• जोर – चाक फिरवण्याची ताकद. मेकॅनिक याला टॉर्क म्हणतात. मोजायचं एकक न्यूटन-मीटर.
• फेरे – एका मिनिटात किती वेळा फिरलं.
• शक्ती – जोर आणि फेरे यांचा गुणाकार. एकक वॅट.

शेतकऱ्यांच्या मुलांना वॅटपेक्षा एचपी लवकर कळतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. २५० वॅटची सायकलची मोटर म्हणजे साधारण एक तृतीयांश एचपी. शेतातला ५ एचपीचा पंप घेतला तर अशा १५ मोटरी एकत्र केल्यासारखं झालं. एवढीशी मोटर माणसाला चढावर नेते कशी, हा प्रश्न वर्गात विचारा आणि थोडं थांबा. मुलं स्वतःहून गिअरकडे येतात.

३) चढाचा हिशोब

नांदेड गोदावरीच्या काठी, लातूर बालाघाटच्या पठारावर. लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे जाणारा रस्ता एकूण वर चढत जातो. वाटेत ५ टक्के चढ लागला असं धरू, म्हणजे १०० मीटर गेल्यावर ५ मीटर उंची. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो.

चढासाठी लागणारं बल: १०० × ९.८ × ०.०५ = ४९ न्यूटन
टायर-रस्त्याचं घर्षण: साधारण १० न्यूटन
एकूण: ५९ न्यूटन

वाऱ्याचा रोध सध्या सोडून देऊ. ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. ५९ × ४.१७ = २४६ वॅट. म्हणजे २५० वॅटची मोटर या चढावर आपल्याला पायडल न मारता साधारण ताशी १५ किमीनं नेऊ शकते. पायांनी ८०-१०० वॅटची भर घातली तर ताशी २० च्या आसपास. तोच चढ ताशी २५ नं चढायचा म्हटलं तर ४१० वॅट लागतील. मोटर ‘कमजोर’ नसते, आपण मागतो तो वेग जास्त असतो.

४) गिअर: फुकट मिळणारा जोर

समजा पुढच्या चेनव्हीलला ४२ दाते आहेत. मोटर तिथं ३० न्यूटन-मीटर जोर देते आणि मिनिटाला ७० फेरे फिरवते (ही शक्ती २२० वॅट होते). चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर.

• मागं १४ दात्यांचं चाक असेल तर: चाक ३ पट वेगानं फिरतं, जोर एक तृतीयांश होतो, १० न्यूटन-मीटर. रस्त्यावर बल मिळतं ३० न्यूटन.
• मागं २८ दात्यांचं चाक असेल तर: चाक दीडपट फिरतं, जोर २० न्यूटन-मीटर. रस्त्यावर बल ६० न्यूटन.

आपल्याला हवे होते ५९! मोटर तीच, बॅटरी तीच. एक गिअर बदलला आणि चढ चढता आला. १४ च्या गिअरवर निम्मंच बल मिळतं. तिथं मोटरचे फेरे मंदावतात, करंट वाढतो आणि ती ताकदीऐवजी उष्णता तयार करू लागते. ‘मोटर चढावर दम टाकते’ ही तक्रार अनेकदा अशा चुकीच्या गिअरची असते.

म्हणून मिड-ड्राइव्ह चालवणाऱ्यानं हे नियम पाळावेत:

• चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर, म्हणजे मागचं मोठं दातेरी चाक, टाकावा.
• पायडल मिनिटाला ६० ते ८० फेरे फिरेल असा गिअर ठेवावा.
• गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करावा. पाय आणि मोटर दोघांची ताकद एकाच चेनवर येते, ऐन जोरात गिअर बदलला तर चेन तुटते किंवा दाते झिजतात.
• सिग्नलला थांबण्याआधी हलक्या गिअरवर यावं.

५) घरच्या घरी वाढणारी ताकद

हवा: टायरच्या कडेला किती पीएसआय हवा भरायची ते लिहिलेलं असतं. हवा कमी असेल तर घर्षण वाढतं आणि मोटरची ताकद टायर चेपण्यात जाते.

चेन: धुळीनं माखलेली, कोरडी चेन ताकद खाते. पुसा, तेल द्या, जादाचं तेल पुसून टाका. मुलांना टेप देऊन चेन मोजायला लावा. नव्या चेनच्या एका पिनपासून पुढची २४ वी पिन बरोबर १ फुटावर, म्हणजे ३०.५ सेंमीवर येते. हे अंतर दीड-दोन मिलिमीटरनं वाढलं की चेन बदलायची वेळ झाली.

ब्रेक: चाक उचलून हातानं फिरवा. ब्रेकचं रबर घासत असेल तर मोटर आणि ब्रेक एकमेकांशी भांडतायत.

बॅटरी: ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज असताना ४२ व्होल्ट देते, संपत आली की ३० च्या आसपास येते. व्होल्ट उतरले की तेवढ्याच करंटमध्ये शक्ती कमी मिळते. परतीच्या वाटेवर सायकल मंद वाटते ती यामुळं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. सायकल उन्हात उभी करू नका आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी आधी निवू द्या.

६) जास्त करंट दिला तर?

आता मुलांच्या खऱ्या प्रश्नाकडे. मोटरला किती करंट द्यायचा ते कंट्रोलर ठरवतो. काही कारागीर कंट्रोलरमधल्या करंट मोजणाऱ्या तुकड्यावर डाग देतात, म्हणजे कंट्रोलरला करंट कमी असल्याचा भास होतो आणि तो जास्त सोडतो. काही ३६ ऐवजी ४८ व्होल्टची बॅटरी लावतात. शक्ती वाढते, हे खरं आहे. मुलांना “काही होत नाही” असं खोटं सांगू नका. सोबत आणखी काय वाढतं ते सांगा.

तारेतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणं वाढते. करंट दीडपट केला तर उष्णता सव्वादोन पट, दुप्पट केला तर चौपट. मोटरमधली साधी निओडिमियम चुंबकं ८० अंशांच्या पुढं आपलं चुंबकत्व गमावू लागतात आणि थंड झाल्यावरही ते पूर्ण परत येत नाही. बऱ्याच मिड-ड्राइव्ह मोटरींत आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचं दातेरी चाक असतं, ते मऊ पडून दाते उडतात. म्हणजे ताकद वाढवायला गेलो आणि होती तीही गेली. बॅटरीतून तिच्या क्षमतेपेक्षा जास्त करंट ओढला तर ती तापते, आणि लिथियम बॅटरी तापणं हा थेट आगीचा धोका आहे.

वेगाचंही तसंच. वाऱ्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणं वाढते. २० चा वेग ४० केला की ती ८ पट होते. आणि ताशी २५ ऐवजी ४० नं जाणारी सायकल थांबवायला ब्रेकला अडीचपट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेक मात्र तेच, सायकलचे.

७) पालकांनो, हे नीट वाचा

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सहायक मोटरची सायकल ‘मोटार वाहन’ धरली जात नाही, पण अटी आहेत. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी. ताशी २५ किमीला मोटरची मदत कमी होत बंद व्हायला हवी, आणि पायडल थांबवलं तरी बंद व्हायला हवी. ब्रेक आणि प्रकाश परतवणारे रिफ्लेक्टर हवेत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवं. म्हणूनच या सायकलला एमएच-२६ किंवा एमएच-२४ ची पाटी लागत नाही, लायसन्स लागत नाही.

पॉवर वाढवली की ही सूट संपली. तीच सायकल नोंदणी, विमा आणि लायसन्स नसलेलं मोटार वाहन होते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश आरटीओ कार्यालयांना दिले होते. अल्पवयीन मूल मोटार वाहन चालवताना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९९-अ प्रमाणं पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपघात झाला तर विमा नसल्यानं भरपाईचा बोजाही घरावरच येतो.

तेव्हा मुलानं हट्ट धरला तर नुसतं रागावू नका. त्याच्यासोबत बसून वरचा चढाचा हिशोब करा. त्याला खरंच चढावर त्रास होत असेल तर उपाय गिअरमध्ये आहे. वेगच हवा असेल तर तो १८ वर्षांनंतरचा, लायसन्सचा विषय आहे, हे शांतपणे सांगा.

८) वर्गात घ्यायचे तीन उपक्रम

१. दाते मोजा: गिअरची सायकल उलटी उभी करा. पुढचे-मागचे दाते मोजून भागाकार करा. मग पायडल एक फेरा फिरवून चाकाचे फेरे मोजा. दोन्ही उत्तरं जुळतात का?

२. माझी शक्ती किती? शाळेच्या जिन्याची उंची मोजा. ३५ किलोचं मूल ३ मीटर उंच जिना ६ सेकंदांत चढलं तर ३५ × ९.८ × ३ ÷ ६ = सुमारे १७१ वॅट. रांगेत, एकेकानं, धक्काबुक्की न करता चढायचं. आपण काही सेकंद जवळपास मोटरएवढी शक्ती देतो हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघा! मग विचारा, अर्धा तास देता येईल का?

३. करंट आणि उष्णता: हे फक्त फळ्यावर करा. करंट १, २, ३, ४ घेऊन त्यांचे वर्ग काढा आणि आलेख काढा. बॅटरी, कंट्रोलर उघडून प्रयोग करायचा नाही, हे स्पष्ट सांगा.

स्वाध्याय: ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत किती वॅट-तास ऊर्जा असते? २५० वॅटनं ती किती वेळ चालेल? ५०० वॅटनं किती? (उत्तरं: ३६० वॅट-तास, सुमारे १ तास २६ मिनिटं, सुमारे ४३ मिनिटं.) शेवटचं उत्तर मुलांनी स्वतः काढलं की पुढचा प्रश्न विचारा: पॉवर दुप्पट केलेली सायकल क्लासहून घरी पोचेल का?

हा पाठ घेतलात तर तुमच्या वर्गातल्या मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.