लॅपटॉपची उष्णता आणि नव्या खर्चाचा विवेक

एका द्विशिक्षकी शाळेत लॅपटॉप व प्रक्षेपक यांच्या साहाय्याने पाठ घेण्याचा प्रघात चांगला रुळला होता. सकाळच्या तासाला यंत्र बरे चाले. परंतु दुपारच्या सुटीनंतर चौथीच्या वर्गास नकाशा दाखविण्यास आरंभ झाला की पाऊण तासाच्या आत चित्र अडखळू लागे, पंख्याची घरघर वर्गभर ऐकू येई आणि एखादे वेळी यंत्र आपोआप बंद पडे. यंत्र म्हातारे झाले, असा निष्कर्ष गुरुजींनी काढला. तालुक्याच्या दुकानी मेमरी वाढवून घेण्याचा सल्ला मिळाला. मुलांच्या पुस्तकपेटीसाठी शाळा व्यवस्थापन समितीने राखून ठेवलेली रक्कम तिकडे वळविण्याचे जवळजवळ ठरले. त्याच शाळेतील बाईंनी मात्र एक साधी शंका काढली : “हेच यंत्र सकाळी नीट चालते, मग दुपारीच म्हातारे कसे होते?” या शंकेतच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

उष्णता कोठून येते व कोठे जाते

लॅपटॉपमध्ये शिरणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेतच रूपांतरित होते. तिचा मोठा भाग प्रोसेसर या लहानशा भागात निर्माण होतो. ही उष्णता बाहेर नेण्यासाठी आत एक मार्ग आखलेला असतो. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्याला लागून तांब्याची बंद नळी, नळीच्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी आणि जाळीवर वारा घालणारा छोटा पंखा, अशी ही रचना होय. नळीत अत्यल्प द्रव असतो. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती वाफ पुन्हा द्रवरूप होते आणि या फेऱ्यांतून उष्णता वाहून नेली जाते.

या मार्गात कोठेही अडथळा आला की उष्णता आत साचते. खडूची भुकटी, अंगणातील धूळ व कपड्यांचे तंतू पात्यांच्या जाळीत अडकून त्यांचा जणू नमदा बनतो. लॅपटॉप सतरंजीवर वा जाड टेबलक्लॉथवर ठेवल्यास तळाचे झरोके बुजतात. पत्र्याच्या छपराखालील खोलीत मुळात हवाच तापलेली असते. अनेक निर्माते सभोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. विदर्भात तर उन्हाळ्यातील दुपारी पारा ४० अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा ओढून घेणारा पंखा कितीही फिरला तरी त्याच्या हातून पुरेसे काम होत नाही, हे उघड आहे.

मंदपणा हे नेहमीच वार्धक्याचे लक्षण नव्हे

अनेक प्रोसेसरांच्या तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमान या मर्यादेजवळ पोहोचले की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पडते. ही आत्मरक्षणाची योजना होय. भर उन्हात नांगर ओढणारा बैल पाऊल आखडते घेतो, म्हणून शेतकरी त्याला बाजार दाखवीत नाही. प्रथम सावलीत बांधतो. शिक्षकानेही हाच क्रम ठेवावा.

खर्चापूर्वी करावयाची परीक्षा

ही परीक्षा दोन वेळा घ्यावी : एकदा सकाळी यंत्र थंड असताना आणि एकदा अर्धा तास चित्रफीत चालविल्यानंतर. दोन्ही वेळा चार्जर जोडलेला असावा. कारण बॅटरीवर चालताना काही यंत्रे मुळातच वेग कमी ठेवतात. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील कामगिरीच्या पानावर प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आकडे दिसतात. ते वहीत उतरून घ्यावेत.

थंड असता यंत्र चपळ आणि तापल्यावर मंद, तसेच प्रोसेसरवर भार पुष्कळ असूनही त्याचा वेग मूळ वेगाच्या खाली उतरलेला, असे दिसल्यास दोष बहुधा उष्णतेचा आहे. थंड असतानाच नेहमीच्या कामात मेमरी ९० टक्क्यांच्या वर भरलेली असेल, तर मेमरी अपुरी आहे. सकाळी यंत्र सुरू होण्यासच फार वेळ लागत असेल व डिस्कचा आकडा बराच काळ १०० टक्क्यांवर अडून राहत असेल, तर फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क हे त्याचे कारण असू शकते. तीन दोष वेगळे, त्यांचे उपायही वेगळे. एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही.

उपायांचा क्रम

प्रथम बिनखर्चाचे उपाय करावेत. लॅपटॉप सपाट लाकडी फळीवर ठेवावा, मागील बाजूस वीतभर जागा मोकळी सोडावी, खिडकीतील ऊन टाळावे व फळा पुसण्याच्या जागेपासून यंत्र दूर ठेवावे. आठवड्यातून एकदा यंत्र बंद करून, चार्जर काढून, झरोके कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावेत. ओले फडके वापरू नये. जोराचा वारा मारल्यास पंखा भरधाव फिरून बिघडण्याचा संभव असतो, म्हणून आतील सफाई जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते उघडण्यापूर्वी विक्रेत्यास विचारावे. वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घेण्याचे कामही त्याच वेळी उरकावे.

तद्नंतर पुन्हा परीक्षा घ्यावी व मगच क्षमतावाढीचा विचार करावा. मेमरी वाढविल्याने यंत्र थंड होत नाही. हार्ड डिस्कऐवजी एस.एस.डी. बसविल्यास यंत्र लवकर सुरू होते. तीत फिरणारा भाग नसतो. तथापि प्रोसेसरची उष्णता तिने हटत नाही. मेमरी घेताना तिची जात पाहावी; डी.डी.आर.३ची पट्टी डी.डी.आर.४च्या खाचेत बसत नाही आणि काही यंत्रांत मेमरी पक्की जोडलेली असल्याने ती बदलताच येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज १० प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जे यंत्र विंडोज ११च्या अटींत बसत नाही, त्यावर मोठी रक्कम घालण्यापूर्वी दोनदा विचार करणे इष्ट. उलट, नवे यंत्र घेऊन ते त्याच सतरंजीवर व त्याच धुळीत ठेवले, तर तेही तापल्यावाचून राहणार नाही.

एक गंभीर सूचना

तळ फुगलेला, स्पर्शफलक वर उचललेला किंवा झाकण नीट मिटत नाही, असे दिसल्यास बॅटरी फुगली आहे असे समजावे. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करावे, चार्जर लावू नये आणि बॅटरी दाबू वा टोचू नये. तिला आग लागण्याचा धोका असतो. यंत्र मुलांपासून दूर ठेवून कारागिरास बोलवावे. येथे काटकसरीचा विचार अप्रस्तुत होय.

वर्गात उपयोग

हाच विषय विज्ञानाच्या पाठासही उपयोगी आहे. तांब्याच्या नळीतून बाष्पीभवन व सांद्रीभवन, धातूच्या पात्यांतून वहन आणि झरोक्यातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेतून अभिसरण समजावून देता येते. झरोक्यापासून थोड्या अंतरावर कागदाची पट्टी धरून वाऱ्याचा जोर मुलांनी स्वतः पाहावा. यंत्राची निगा ही केवळ गुरुजींची नसून वर्गाची आहे, ही जाणीव त्यातून आपोआप रुजते.

आरंभी उल्लेखिलेल्या शाळेत बाईंच्या शंकेवरून दोन वेळची परीक्षा झाली. मेमरी निम्मी रिकामी आढळली. सफाईत पात्यांच्या जाळीतून धुळीचा गोळा निघाला आणि दुपारचा पाठ अखंड चालू लागला. सकाळी यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ मात्र कमी झाला नाही. तो दोष हार्ड डिस्कचा होता. समितीने तेवढी एकच वस्तू बदलण्यास संमती दिली व उरलेल्या रकमेची पुस्तके आणली. सल्ल्याप्रमाणे मेमरी घेतली असती, तर दोन्ही दोष कायम राहून पेटी मात्र रिकामी राहिली असती.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील यंत्राची दोन वेळची परीक्षा घेऊन आकड्यांचा तक्ता तयार करा.
२. यंत्राच्या सध्याच्या जागेतील दोष शोधून त्यांवर बिनखर्चाचे तीन उपाय लिहा.
३. क्षमतावाढीचा प्रस्ताव समितीपुढे ठेवताना कोणता पुरावा जोडाल?